कागदावर एकाचंच नाव

फुआतिनोला राग आला की ती घड्या घालते. हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात बावीस वर्षं चादरी हाताळून तिच्या हातांना तशी सवयच लागली आहे. त्या गुरुवारी वकीलबाईंच्या ऑफिसातून ती लोगन शहरातल्या आपल्या घरी परतली, कपाटातले सगळे टॉवेल बाहेर काढले, घड्या घातल्या, मोडल्या आणि पुन्हा घातल्या. तिचा मुलगा आउकुसो मागच्या पायरीवर पाठमोरा बसला होता. सत्तावीस वर्षांचा, दारात मावणार नाही असा आडवा गडी. पण तीन महिन्यांत त्याची मान काही वर झाली नव्हती.

वकीलबाई तशी वाईट नव्हती. सरकारी मदतीतून मिळालेली, टेबलावर फायलींचा डोंगर, डोळ्यांखाली काळं. तिने सरळच सांगून टाकलं होतं, "आउकुसोने कुणाचीही माफी मागायची नाही. पत्र नाही, फोन नाही, फुलं नाहीत. माफी मागितली की गुन्हा कबूल केला असा अर्थ काढतात. आणि त्या गृहस्थांशी संपर्क झाला, तर जामीन रद्द. त्याच दिवशी आत."

"म्हणजे अळीमिळी गुपचिळी?" फुआतिनोने विचारलं होतं.

"खटला संपेपर्यंत."

"आणि तो कधी संपणार?"

"वर्षभर लागेल. कदाचित दीड."

फुआतिनो सामोआतून ऑस्ट्रेलियात आली त्याला आता सव्वीस वर्षं झाली. इथल्या पुष्कळ गोष्टी तिने गिळल्या होत्या. शेजाऱ्याकडे जायचं तर आधी फोन करायचा, मयताला तासाभरात उरकायचं, म्हाताऱ्यांना वेगळ्या घरात ठेवायचं. पण हे काही घशाखाली उतरेना. मारणाऱ्याला ठाऊक आहे की आपण मारलं, मार खाणाऱ्याला ठाऊक आहे की कुणी मारलं, अर्ध्या लोगनने ते डोळ्यांनी पाहिलंय, आणि दीड वर्ष सगळ्यांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचं! याला शहाणपण म्हणायचं तर मग खुळेपणा कशाला म्हणायचं?

झालं होतं ते असं. मे महिन्यातल्या एका शनिवारी आउकुसोच्या क्लबाचा रग्बीचा सामना होता. शेवटच्या मिनिटाला त्याने चेंडू रेषेपलीकडे नेऊन टेकवला. याला ट्राय म्हणतात, आणि ती धरली असती तर सामना जिंकला होता. रेफरी रॉस हार्टविक यांनी शिट्टी मारली आणि मान हलवली. पाय रेषेबाहेर गेला होता म्हणे. सामना संपल्यावर गाड्या लावायच्या जागेत आउकुसोने त्यांना गाठलं आणि एकच ठोसा मारला. एकसष्ट वर्षांचा माणूस मागच्या मागे काँक्रीटच्या कडेवर पडला. नऊ दिवस शुद्ध नव्हती. जगले, कवटीचं हाड जुळलं, चालायलाही लागले. पण नाकाचा वास घेण्याचा गुण गेला तो गेलाच आणि त्याबरोबर जिभेची चवही गेली. धुलाईखान्यात कुठलीच बातमी लपत नाही. फुआतिनोला ती कळली तेव्हा तिच्या हातात उशीचे अभ्रे होते. ते तसेच टाकून ती बाथरूममध्ये जाऊन रडली.

हाच ठोसा तिच्या सालेपुआ गावात पडला असता तर? फुआतिनो नऊ वर्षांची असताना तिच्या काकाने एकाच्या डोक्यात वल्हं घातलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तिचं सगळं घर त्या माणसाच्या दारापुढे जाऊन बसलं होतं. डोक्यावर घरातल्या सगळ्यात मोलाच्या चटया पांघरलेल्या, पुढ्यात जळण आणि भट्टीचे दगड. अर्थ उघड होता. आमचं चुकलं, हवं तर भाजून खा आम्हाला. याला इफोगा म्हणतात. घरधनी कोयता घेऊन बाहेर आला आणि कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. मग त्याने कोयता टाकला आणि चटई उचलली. दुपारी दोन्ही घरं एका पंगतीला जेवली. शहरातून पोलीस आले ते तिसऱ्या दिवशी, आणि त्यांना काय सांगावं हे कुणाला सुचेना.

गावात सगळं गोडच असतं असं फुआतिनोने कधी कुणाला सांगितलं नाही. तिच्या एका मावसबहिणीच्या वेळी चटई मोठ्या माणसांनी परस्पर उचलली होती. जिला लागलं होतं तिला कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. ती पोरगी पुढे गावात राहिलीच नाही. हे फुआतिनो विसरली नव्हती. चटई उचलायची तर ज्याला लागलंय त्यानेच, नाहीतर त्या चटईला पायपुसण्याची किंमत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

टॉवेल संपले तशी ती उठली आणि गाडी काढून भावाकडे गेली.

वाएलुपे हा तिचा थोरला भाऊ. वाएलुपे हे त्याचं घराण्याचं नाव, म्हणजे पदवी. तो घराचा मताई, सामोअन घरात ज्याच्या शब्दाशिवाय पान हलत नाही असा कर्ता. लोगनमध्ये मात्र तो सिटी बस चालवतो. बहिणीचं बोलणं ऐकून त्याने चहाचा कप खाली ठेवला.

"फुआतिनो, डोकं ठिकाणावर आहे ना? गोऱ्याच्या हिरवळीवर इफोगा? कुत्रं सोडेल तो अंगावर!"

"सोडू दे."

"पोलीस येतील."

"येऊ देत. तू काय कधी पोलीस पाहिले नाहीस? रोज फुकट नेतोस की बसमधून."

वाएलुपेची मुलगी सिएनी शाळेत शिकवते. घरातली कायद्याची कागदपत्रं वाचायचं काम तिचं. ती म्हणाली, "आत्या, जामिनाच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. आउकुसोने रॉस हार्टविक यांच्याशी स्वतः किंवा कुणामार्फत संपर्क करायचा नाही."

"कुणी करायचा नाही?"

"आउकुसोने."

"माझं नाव आहे का त्यावर?"

"नाही."

"तुझ्या बापाचं?"

"नाही. कसं असेल? तुम्ही कुठे मारलंय?"

फुआतिनोने टेबलावर हात आपटला. कप उडाले. "तेच तर! या देशाला वाटतं, मूठ आउकुसोची म्हणजे गुन्हाही एकट्या आउकुसोचा. आम्हाला त्यांनी धरलंच नाही. बरं झालं. जे धरलेलेच नाहीत त्यांना अडवणार कोण?"

"कुणामार्फत असं लिहिलंय, आत्या."

"तो पाठवतच नाहीये आम्हाला. त्याला पत्तासुद्धा लागू देणार नाही मी. तो झोपलेला असेल."

"ही पळवाट झाली."

"पळवाट पळायला असते गं बाई. मी तर जाऊन बसणार आहे."

सिएनी हसली आणि लगेच गंभीर झाली. "न्यायाधीशाला नाही पटलं तर आउकुसो त्याच दिवशी आत जाईल. तुझ्यामुळे."

फुआतिनोने उडालेले कप सरळ ठेवले. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. वकीलबाईंच्या ऑफिसातून निघाल्यापासून तेच तिच्या छातीवर बसलं होतं. पण नुसतं गप्प बसून पोरगा दीड वर्षात आतून कुजून जाईल, हेही तिला दिसत होतं. ती भावाकडे वळली. "बहीण भावाच्या डोळ्यातलं बुबुळ असते असं म्हणतोस ना तू चर्चमध्ये, मोठमोठ्याने?"

वाएलुपेने छताकडे पाहिलं. "हे बुबुळ मला एक दिवस आंधळं करणार." मग उसासा टाकून म्हणाला, "शनिवारी. आणि चटई आईची."

आईची चटई फुआतिनोच्या गादीखाली होती. पानांचे धाग्यासारखे बारीक पट्टे काढून आईने ती अकरा महिने विणली होती. इतकी मऊ की दुमडली तर साडीसारखी पडावी. फुआतिनोने ती स्वतःच्या लग्नातसुद्धा बाहेर काढली नव्हती.

शनिवारी पहाटे, ऑगस्टातल्या, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यातल्या थंडीत, पंधरा जण निघाले. चर्चची व्हॅन आणि एक मोटार. वाएलुपेने गॅरेजमागच्या भट्टीतले दगड बादलीत भरून घेतले होते. जळण मात्र पेट्रोल पंपावरून घ्यावं लागलं, प्लॅस्टिकच्या जाळीत बांधलेलं. "वर किमतीचं लेबल आहे," तो कुरकुरला. फुआतिनोने लेबल नखाने खरवडून काढलं. सिएनीने आधीच सांगून टाकलं होतं की ती गाडी चालवेल, फाटकापाशी उभी राहून इंग्रजीत बोलेल, पण बसणार नाही. तिला असलं काही पटत नाही.

हार्टविक यांचं घर छोटं, विटांचं. पुढे नीट कापलेली हिरवळ. पहाटे सव्वापाचला ते ओळीने बसले. लाकडं आणि दगड पुढ्यात ठेवले. मधोमध वाएलुपे आणि फुआतिनो, दोघांच्या डोक्यावर आईची चटई. मागच्यांवर बाकीच्या. इफोगात बोलायचं नसतं. घरधनी काय करील ते करील, तोवर मान खाली. चटईखालून फुआतिनोला फक्त वीतभर जमीन दिसत होती, गवत आणि दारापुढची एक पायरी.

साडेपाचला टिक टिक असा आवाज आला आणि मग पाण्याची बारीक धार तिच्या गुडघ्यावरून गेली. मग परत आली. मग चहूबाजूंनी.

"पाऊस?" वाएलुपे ओठ न हलवता पुटपुटला.

"नळ. आपोआप सुरू होतात ते."

"देवा!"

कुणी हललं नाही. वीस मिनिटं हिरवळीबरोबर चौदा सामोअन माणसंही व्यवस्थित शिंपली गेली. आईची चटई भिजून फुआतिनोच्या केसांना चिकटली. तिचे दात वाजायला लागले. अनेक प्रकारचे अपमान तिने गृहीत धरले होते, पण नळाचा विचार तिने केला नव्हता. मागे कुणीतरी फिस्कन हसलं, आणि कुणीतरी त्याला कोपर मारलं.

पाणी थांबलं, उजाडलं. पहिले पाय आले ते कुत्र्याचे. म्हातारं कुत्रं होतं. त्याने सगळ्यांना हुंगलं, जळणाच्या जुडीवर तंगडी वर केली आणि वाएलुपेच्या पायाशी जाऊन पडून राहिलं. मग समोरच्या घरातून एक बाई ओरडली, "ए! काय चाललंय तिथे?" आणि दहा मिनिटांत फाटकापाशी काळे चकचकीत बूट थांबले.

"कॉन्स्टेबल ब्रॅडॉक," बूट म्हणाले. "कुणीतरी मला सांगेल का, हे काय आहे?"

"माफी," सिएनी म्हणाली.

"मला फोनवर सांगितलं की घरापुढे लाकडं आणि दगड घेऊन जमाव बसलाय. घर जाळायचा विचार आहे?"

"नाही नाही! लाकडं आम्हाला भाजायला आहेत."

बूट क्षणभर अवघडले. "काय म्हणालात?"

"म्हणजे त्यांना वाटलं तर. हार्टविकना. प्रत्यक्षात कुणी भाजत नाही हो!"

बूट गाडीकडे गेले आणि परत आले. कॉन्स्टेबलने जामिनाचा कागद गाडीतल्या पडद्यावर वाचला असावा, कारण त्याचा आवाज आता कडक झाला होता. "आउकुसो कुठे आहे?"

"घरी. झोपलाय. हे आम्ही त्याला न सांगता करतोय. त्याने आम्हाला पाठवलेलं नाही."

"त्याने पाठवलं नाही, त्याने सांगितलं नाही, आणि त्याच्या गुन्ह्याची माफी तुम्ही मागताय?"

"त्याच्या नाही," सिएनी म्हणाली, आणि पोरीचा आवाज बदलला होता. "आमच्या. आउकुसोला आमच्या घराने वाढवलंय. तो मैदानावर माजत होता तेव्हा आम्हीच कडेला उभं राहून रेफरीला शिव्या घालत होतो. मी पण घातल्या."

बरं बोललीस गं, फुआतिनो मनात म्हणाली. बापापेक्षा बरं बोललीस.

तेवढ्यात दार उघडलं. पायरीवर निळ्या पट्ट्यांच्या सपाता आल्या आणि त्यांच्या मागे गमबूट.

"रॉस, आत चल," गमबूट म्हणाले. ती त्यांची बायको ग्लेनिस.

कॉन्स्टेबल म्हणाला, "मिस्टर हार्टविक, जागा तुमची आहे. तुम्ही फक्त जा म्हणा, मी यांना पाच मिनिटांत हलवतो."

"आहेत कोण हे?"

"आउकुसोच्या घरचे," सिएनीने सांगितलं.

सपाता एक पाऊल मागे गेल्या. ते पाऊल फुआतिनोने पाहिलं. माणूस घाबरला होता, स्वतःच्या दारात. तिच्या घराला.

"यातला तो कोण?" रॉस यांनी विचारलं.

"तो यात नाही. त्याला इथे यायला बंदी आहे."

"मग ही मंडळी कशाला बसलीत? यांनी कुठे मला मारलंय?"

सिएनीने सगळं सांगितलं. चटई, लाकडं, दगड. तुम्ही जा म्हणालात तर आम्ही खाली मान घालून जाऊ आणि पुन्हा येणार नाही. चटई उचललीत तर तुम्ही आम्हाला उठवलंत. ते फक्त तुमच्या हातात आहे, पोलिसांच्या नाही, कोर्टाच्याही नाही.

"त्यांना जायला सांग, रॉस," ग्लेनिस म्हणाली. "तीन महिन्यांनी येतात, आणि माझ्या गवतावर बसतात!"

सपाता वळल्या, आत गेल्या, दार लागलं.

संपलं, असं फुआतिनोला वाटलं. पोरगा आज संध्याकाळी आत जाणार आणि माफीही नाही. तेलही गेलं, तूपही गेलं. शेजारी वाएलुपेचा हात तिच्या हाताला लागला. तो बर्फासारखा गार होता, पण त्याने तिचा पंजा घट्ट धरला. उठायचं नाही. जा म्हणेपर्यंत उठायचं नाही.

दार पुन्हा उघडलं. कागदांची सळसळ झाली.

"कोर्टात वाचायला म्हणून मी हे लिहिलंय," रॉस म्हणाले. "माझं काय काय गेलं ते. चार पानं झाली होती. सरकारी वकिलांनी काटछाट करून एक पान ठेवलं. म्हणाले, एवढा वेळ नसतो. ऐकायला आला आहात ना? मग चारही ऐका."

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. रेफरीचाच आवाज, मैदानाच्या टोकापर्यंत पोचणारा. लोण्यात परतलेला कांदा गेला, असं त्यांनी वाचलं. शनिवारी सकाळी नुकत्याच कापलेल्या मैदानाचा वास गेला. ग्लेनिसच्या मानेचा वास गेला, तो मला एकोणचाळीस वर्षं झोपताना लागायचा. दोन महिन्यांच्या नातीला मांडीवर देतात, सगळे म्हणतात, बघ बाळाचा वास कसा गोड येतो, आणि मी खोटं बोलतो. दूध नासलंय की नाही हे बायको मला लहान मुलासारखं हुंगून सांगते. एकतीस वर्षं लोकांनी मला आंधळा म्हटलं, तरी घरी येऊन खिमा भरलेली गरम पाई सॉस घालून खाल्ली की मी ते विसरायचो. आता पाई म्हणजे ओला पुठ्ठा. शिट्टी तोंडात धरली की हात थरथरतो. तिसऱ्या पानावर लिहिलं होतं की त्या मुलाचं बालपण कसं गेलं हे मला कुणी सांगू नका. त्याचंही काहीतरी असंच जावं, जे कधी परत येणार नाही, असं मला वाटतं. हे वाटणं चांगलं नाही, पण मला वाटतं.

फुआतिनोच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, आणि ती त्या पुसूही शकत नव्हती. आपल्या पोराचं वाईट चिंतणारा माणूस समोर उभा होता आणि तिला त्याचा राग येत नव्हता. त्याने आणखी चिंतावं, मोठ्याने चिंतावं, असं तिला वाटत होतं. चौथं पान सुरू असताना तिच्या डाव्या बाजूला ओलं गवत दबलं. चटईची कड वर झाली आणि सिएनी आत शिरली. शाळेत शिकवणारी, कायदा वाचणारी, असलं काही न पटणारी सिएनी. ती मान खाली घालून आत्याला चिकटून बसली.

वाचन संपलं. रस्त्यावर शेजारीपाजारी जमले असावेत, कारण कुणाचं तरी लहान मूल म्हणालं, "ते अजून उठत का नाहीत?"

"मी माफ केलंय असं म्हणत नाहीये," रॉस म्हणाले.

कुणी हललं नाही.

"एकतीस वर्षं मी माणसांना मैदानावर ओरडून काही ना काही सांगतोय. आजवर एकानेही माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं नाही. एकानेही नाही, ग्लेनिस!"

सपाता पायरीवरून खाली उतरल्या. ओल्या गवतावरून पुढे आल्या. जळणाच्या जुडीला अडखळल्या, आणि गमबुटांनी ती जुडी पायाने बाजूला सारली. मग डोक्यावरचं ओझं हललं. चटई केसांना चिकटली होती, ती सहज सुटेना. रॉस यांनी वाकून ती हळूहळू सोडवली, एकेका बाजूने, फुआतिनोला ओढ बसू न देता. आणि उजेड आला.

तो माणूस केवढासा होता! तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं, तीन महिने मनात उंच, तांबडा, गरजणारा असा रंगवला होता. समोर चष्म्यातला, बारीक मानेचा एक म्हातारा उभा होता. कानामागे टाक्यांची लांब रेघ, आणि हातांत तिच्या आईची भिजलेली चटई, धुतलेल्या बाळासारखी जपून धरलेली.

"आमचं चुकलं," फुआतिनो म्हणाली. तीन महिने घशात अडकलेला शब्द बाहेर पडला तो भलताच मोठ्याने. "आम्ही मारलं तुम्हाला. आम्ही."

"हो," रॉस म्हणाले. "मारलंत." मग त्यांनी हात पुढे केला आणि तिला उठवलं.

मग काय विचारता! वाएलुपे उठला, भिजून निथळत, आणि त्याने छाती भरून सामोअन भाषेत असं भाषण ठोकलं की मागच्या रस्त्यावरचे लोकही बाहेर आले. त्यातलं अक्षरही न कळता रॉस चटई छातीशी धरून ऐकत राहिले. बायकांनी स्तोत्र धरलं, पुरुषांनी खालचा सूर दिला, आणि तक्रार करणारी समोरची बाई कुंपणाला रेलून डोळे टिपू लागली. कॉन्स्टेबल ब्रॅडॉकने वही काढली. सिएनीने डोकावून वाचलं: काही इसम हिरवळीवर बसले होते, मालकाची हरकत नाही. त्याने वही मिटली आणि तोही ऐकत उभा राहिला. ग्लेनिसने सगळ्यांना एकदा पाहिलं आणि म्हणाली, "माझ्याकडे सहाच टॉवेल आहेत. पाळीपाळीने घ्या. चहा करते."

घराच्या छोट्या दिवाणखान्यात पंधरा जण ओळीने बसले. सोफा करकरला. ओले टॉवेल आले तसे फुआतिनोने एकेक घेऊन त्यांच्या घड्या घातल्या, हातांना थांबवणं तिला जमेना. चटई आता हार्टविक यांची झाली, असं वाएलुपेने त्यांना सांगितलं. ती परत द्यायची नसते. रॉस यांनी ती खुर्चीच्या पाठीवर वाळत घातली.

"एक सांगतो," ते म्हणाले. "कोर्टात मी जाणार. एक शब्द कमी करणार नाही."

"करू नका," फुआतिनो म्हणाली. "ते कोर्टाचं काम आहे. त्याला शिक्षा झालीच पाहिजे. आम्ही ती चुकवायला आलो नव्हतो."

"आणि ती ट्राय नव्हती. पाय बाहेर होता."

सगळ्यांनी वाएलुपेकडे पाहिलं. तीन महिने हा गृहस्थ बसच्या प्रत्येक उतारूला सांगत होता की ती ट्राय होती. त्याने चहाचा घोट गिळला. "अंगठा बाहेर होता," तो म्हणाला. "मी कडेला उभा होतो. मला दिसला होता."

"आणि तरी मला आंधळा म्हणालात?"

"तीनदा."

रॉस मोठ्याने हसले. ग्लेनिस हातातली किटली तशीच धरून नवऱ्याकडे बघत राहिली. तिने ते हसणं मेपासून ऐकलं नव्हतं.

घरी पोचायला सकाळचे दहा वाजले. आउकुसो मागच्या पायरीवर नव्हता, पुढच्या दारात होता, फोन हातात. कुणीतरी रस्त्यावरून काढलेला व्हिडिओ एव्हाना लोगनभर फिरला होता. आईचे केस अजून ओले होते आणि ती व्हॅनमधून उतरली तीच ताठ मानेने.

"कुणी उचलली?" त्याने विचारलं. "पोलिसाने उचलली की...?"

"त्यांनी. स्वतःच्या हाताने. माझा एक केस तुटू दिला नाही."

आउकुसो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. मग त्याने रडताना तोंड झाकलं नाही. एवढा थोरला गडी मामासमोर, आईसमोर, रस्त्यासमोर उघडा रडला. फुआतिनो त्याच्यापाशी गेली नाही. ती वाट बघत थांबली.

"आमच्या वाटणीचं आम्ही करून आलो," ती म्हणाली. "तुझ्या वाटणीचं तसंच आहे."

"सोमवारी वकीलबाईंना फोन करतो," आउकुसो म्हणाला. "सांगतो, मी मारलं. कोर्टात उभा राहून सांगतो. सगळ्यांसमोर."

"आत जावं लागेल, बाळा."

"हो," तो म्हणाला, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याने आईच्या डोळ्यांत सरळ पाहिलं.